चार बोटं की एक वीत? घरी गाणं रेकॉर्ड करायला माईक निवडताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, रस्त्याच्या बाजूची १० बाय ११ फुटांची खोली. तुम्ही भावगीतं, नाट्यगीतं आणि अभंग गाता, पट्टी काळी चार, हार्मोनियम स्वतःच वाजवता. आजवर मोबाईलवर रेकॉर्ड केलंत, आता जरा नीट करायचं आहे. लॅपटॉप आहे आणि २५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानदार म्हणतो कंडेन्सर घ्या. भाचा म्हणतो घरात कंडेन्सर नको, सगळी गल्ली ऐकू येईल, डायनॅमिक घ्या. (कंडेन्सर म्हणजे पातळ पडद्याचा, वीज पुरवावी लागणारा नाजूक माईक; डायनॅमिक म्हणजे वीज न लागणारा, मंचावरचा दणकट माईक.) आता कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण त्यांनी तुम्हाला एक गोष्ट विचारली नाही, आणि माझ्या मते ती आधी ठरायला हवी. गाताना तुमचं तोंड माईकपासून किती लांब असणार? चार बोटं की एक वीत? हे ठरलं की माईकचा प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो. हे न ठरवता कितीही महाग माईक आणला तरी तो कपाटात जातो. मी बावीस वर्षं रेकॉर्डिंगचं काम करतो आहे आणि त्यातलं बहुतेक काम गाणाऱ्यांचं. घरी केलेलं रेकॉर्डिंग ‘जरा सुधारून द्या’ म्हणून माझ्याकडे येतं, तेव्हा दहातल्या आठ वेळा दोष माईकचा नसतो. अंतराचा असतो, नाहीतर खोलीचा.

अंतराचं गणित साधं आहे. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, तिप्पट झालं की साडेनऊने. चार बोटं म्हणजे साधारण ८ सेंटिमीटर धरा आणि वीत २२ ते २४. म्हणजे चार बोटांवरून वीतभर मागे गेलात की तुमचा आवाज साडेनऊ डेसिबलने कमी होतो. खोलीचा घुमारा, पंखा आणि रस्ता मात्र होते तेवढेच राहतात. तुम्ही गेन (माईकच्या संकेताची वाढ) चढवून आवाज पुन्हा जागेवर आणता, तेव्हा खोली आणि रस्ताही साडेनऊ डेसिबलने वर येतात. भाचा ज्याला ‘कंडेन्सर सगळं ऐकतो’ म्हणतो, त्यातलं बरंचसं हेच आहे. लोक डायनॅमिक ओठाशी धरून गातात आणि कंडेन्सर वीतभर लांब ठेवतात, आणि मग फरकाचं श्रेय माईकच्या जातीला देतात. दोन्ही कार्डिऑइड (समोरचं जास्त आणि पाठीमागचं सर्वांत कमी ऐकणारे) असतील, दोन्ही एकाच अंतरावर असतील आणि दोन्हींवर तुमचा आवाज सारख्याच पातळीला आणला असेल, तर मागची खोली दोन्हींत जवळपास सारखीच येते. माईक ‘सेन्सिटिव्ह’ असणं म्हणजे त्याच आवाजाला तो जास्त व्होल्टेज देतो, इतकंच. लांबचं हेरण्याची वेगळी शक्ती त्याच्याकडे नसते. कंडेन्सर वरचे स्वर जास्त स्पष्ट पकडतो, म्हणून भांड्याची किणकिण आणि कुकरची शिट्टी त्यात जास्त टोचते, हे मात्र खरं.

मग सरळ चार बोटांवरूनच का गाऊ नये? पॉप गाणारे गातात, आणि त्यांना ते शोभतं. आपल्या गाण्यात दोन अडचणी येतात.

पहिली, आपण हलतो. तान घेताना मान फिरते, समेवर डोकं झुकतं, हार्मोनियमवर हात बदलताना खांदा सरकतो. चार बोटांवर गाताना तोंड आणखी चार बोटं मागे गेलं की अंतर दुप्पट, आवाज ६ डेसिबलने खाली. वीतभर अंतरावर तेवढंच मागे गेलात तर फरक पावणेतीन डेसिबलच्या आसपास. पहिला फरक कुणालाही ऐकू येतो, दुसरा गाण्याच्या चढउतारात विरून जातो. दुसरी अडचण खर्जाची. कार्डिऑइड माईकच्या फार जवळ गेलं की खालचे स्वर फुगतात, लांब गेलं की पातळ होतात. म्हणजे मान हलली की नुसती पातळी बदलत नाही, आवाजाचा पोतही बदलतो. एकाच आलापात दोन गायिका गात असल्यासारखं वाटतं, आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जुळत नाही.

भावगीताचं मात्र वेगळं आहे. हा प्रकार फुलला तोच माईकच्या आधाराने. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा माईक नव्हता, समोर कर्णा होता, आणि कर्ण्याला हळू गायलेलं कळत नसे. विद्युत ध्वनिमुद्रण आलं १९२५मध्ये. मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ला. त्यानंतर जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्या पिढीला शब्द कानाशी बोलल्यासारखे म्हणता आले. नाटकाच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणाऱ्या गळ्याला जिची गरजच नव्हती, ती जवळीक भावगीताला लागते. म्हणून तुमचा एकच माईक दोन अंतरांवर चालायला हवा. भावगीताला सहा-सात बोटं, नाट्यगीताला आणि अभंगाला वीत किंवा वीतभर आणि थोडं वर.

तेव्हा माझं मत वीतभर अंतराच्या बाजूने, म्हणजे कंडेन्सरच्या बाजूने झुकतं. अट एकच, तुमची खोली ते अंतर सोसणारी असली पाहिजे. खोलीकडे वळतो, कारण तुमच्या खोलीची मापं वाचून मी आकडेमोड केली आणि एक गंमतीची गोष्ट सापडली.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर घुमतात. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर. पुण्याच्या नेहमीच्या २७-२८ अंश तापमानात या लांबीचा मूळ घुमारा ५२ हर्ट्झच्या जवळ येतो आणि पुढचे त्याच्या पटीत: १०४, १५५, २०७. आता तुमची पट्टी बघा. काळी चारचा षड्ज २०७.६ हर्ट्झ. त्याचा मंद्र पंचम १५५.७. म्हणजे तुमच्या खोलीची लांब बाजू नेमकी तुमच्या सा आणि मंद्र प वर बोलते! बरं, खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर त्यातला चौथा घुमारा तिथे सर्वांत जोरात असतो आणि तिसरा जवळजवळ शून्य. म्हणजे मध्यावर बसून गायलात तर षड्ज फुगेल आणि मंद्र पंचम पोकळ लागेल. तुम्हाला वाटेल आजचा आवाज लागत नाहीये. दार, खिडकी, कपाट यांनी प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण करून बघा. मध्यावर बसून सा आणि मंद्र प म्हणा, मग लांबीच्या दिशेने हातभर सरका आणि तेच म्हणा. जिथे दोन्ही स्वर सारख्या वजनाचे वाटतील तिथे सतरंजी पसरा. याला एक रुपया लागत नाही, आणि कुठल्याही माईकच्या बदलापेक्षा याने जास्त फरक पडेल.

घुमाऱ्याचा दुसरा भाग वरच्या स्वरांचा. टाळी वाजवली की जो टणटणीत आवाज येतो, तो. इथे गोधडी कामाला येते. बहुतेक जण फोमचे तुकडे माईकच्या मागे लावतात, कारण तिथे डोळ्यांना माईक दिसतो. पण कार्डिऑइड माईक पाठीमागे जवळजवळ बहिराच असतो. तो तुमच्याकडे बघतो, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत त्याच्या समोर असते. तेव्हा गोधडी तुमच्या पाठीमागे हवी. जाड, जुन्या साड्यांची, सात-आठ थरांची असेल तर उत्तमच. भिंतीला घट्ट चिकटवू नका, चार बोटं पोकळी सोडून दोरीवर टांगा. त्या पोकळीमुळे ती आणखी खालचे स्वर शोषते. दुसरी गोधडी कोपऱ्यात काटकोनात लावा. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर दार उघडं ठेवून त्याला पाठ करून बसा. उभी केलेली कापसाची गादी तर बाजारच्या पातळ फोमपेक्षा कितीतरी चांगली. एक गोष्ट लक्षात ठेवा, गोधडी खोलीतला घुमारा कमी करते, बाहेरचा रस्ता थांबवत नाही. रस्त्यावर उपाय वेळेचा आहे. माझे घरी रेकॉर्ड करणारे बरेच गायक पहाटे पाच ते साडेसहा हा वेळ धरतात, पाण्याची मोटर आणि शाळेच्या बस सुरू होण्याआधीचा.

आता माईक. नावानिशी बोलतो, कारण नावं टाळली तर सल्ल्याचा उपयोग नाही.

शुअरचा एसएम५८ तुम्ही प्रत्येक मंचावर पाहिला असेल. तो १९६६ सालचा, आणि त्याच्या नावातल्या ‘एसएम’चा अर्थ ‘स्टुडिओ मायक्रोफोन’. तो फक्त मंचाचा माईक आहे ही समजूत नंतरची. त्याची पकड ५० हर्ट्झपासून १५ किलोहर्ट्झपर्यंत. दणकट आहे, दमट हवेला दाद देत नाही, आणि चार बोटांवर गाणाऱ्याला इमानाने साथ देतो. पण वीतभर लांब ठेवला की तो निस्तेज होतो, आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा वाटतो. शिवाय त्याचा संकेत बारीक असतो. त्याच आवाजाला ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा साधा कंडेन्सर त्याच्या साडेसात पट व्होल्टेज देतो. म्हणून एसएम५८ला इंटरफेसचा (माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा) गेन खूप वर न्यावा लागतो, आणि स्वस्त इंटरफेस तिथे फुसफुसायला लागतो.

शुअरच्याच एसएम७बी या डायनॅमिक माईकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानात कुणीतरी विचारेलच, कारण हल्ली प्रत्येक पॉडकास्टच्या चित्रात तो दिसतो. माईक उत्तम आहे. त्याचा पूर्वज एसएम७ मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’साठी वापरला गेला होता. पण त्याचा संकेत एसएम५८पेक्षाही बारीक, त्याला ६० डेसिबल स्वच्छ गेन लागतो, आणि तोही ओठाशी ठेवायचा माईक आहे. तुमच्या २५ हजारांत आणि तुमच्या गाण्याला तो घेऊ नका.

कंडेन्सरमध्ये पहिल्या पायरीवर एटी२०२०. माईक प्रामाणिक आहे, पण त्याची स्वतःची सळसळ २० डेसिबल. मोठ्या आवाजाच्या गाण्याला ती कळत नाही. वीतभर अंतरावरून मंद्रातला सावकाश आलाप घेतलात आणि नंतर कॉम्प्रेशनने (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करून) तो वर आणलात, की मागे बारीक वाळू सांडल्यासारखी ऐकू येते. त्याचाच थोरला भाऊ एटी२०३५. सळसळ १२ डेसिबल, अंगावर ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे स्वर कापणारं बटण) आणि १० डेसिबलचा पॅड (संकेत तेवढा उतरवणारं बटण). रोड कंपनीचा एनटी१-ए ५ डेसिबलवर आहे आणि पाचव्या पिढीचा एनटी१ चार डेसिबलवर. कागदावर हे आकडे फार मोहक दिसतात, पण शहरातली शांत म्हणावी अशी खोलीसुद्धा रात्री ३० डेसिबलच्या आसपास असते. १२ आणि ४ यातला फरक तुमच्या खोलीखाली दबून जाईल. २० आणि १२ यातला मात्र कळू शकतो. म्हणून १२वर किंवा त्याखाली कुठेही असलात तरी चालेल, त्यापुढे फक्त आवाजाचा स्वभाव बघा.

आणि स्वभाव ही खरी निवड आहे. स्वस्त कंडेन्सरांची एक खोड असते, ते वरून तीक्ष्ण असतात. त्याचं कारण जुनं आहे. नॉयमन या जर्मन कंपनीच्या १९६०च्या यू६७ आणि १९६७च्या यू८७ या गाजलेल्या माईकांचं कॅप्सूल (आवाज पकडणारा आतला भाग) वरच्या स्वरांना मुळातच उठाव देणारं होतं, आणि आतलं सर्किट तो उठाव मुद्दाम खाली आणत असे. पुढे त्याच घाटाची कॅप्सूल स्वस्तात बनू लागली, पण अनेक माईकांत ती भरपाई करणारं सर्किट घातलंच नाही. उठाव तसाच राहिला. दुकानात दोन मिनिटं ऐकताना तो ‘क्लिअर’ वाटतो. घरी तीन गाणी ऐकल्यावर कान दुखतात.

मराठीला हे जास्त जाचतं. आपला ‘चमचा’तला च, ‘जहाज’मधला ज, ‘झाड’मधला झ हे दातांशी घासून येणारे उच्चार. त्यांची धार साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, नेमकी तिथेच जिथे हे माईक उठाव देतात. त्यात स आणि श आलेच. इंग्रजी गाण्यावर छान वाटलेला माईक मराठी भावगीतावर सुरी लावल्यासारखा वाटू शकतो. माझ्याकडे एक गायिका त्यांच्या अभंगांचं रेकॉर्डिंग घेऊन आल्या होत्या. गळा अतिशय गोड, तयारी उत्तम. पण प्रत्येक ‘चरण’, प्रत्येक ‘सावळा’ कानाला ओरखडा काढत होता. मी तो कमी करायला गेलो की गळ्यातली चमकही जायची. शेवटी आम्ही सहाच्या सहा अभंग साध्या डायनॅमिक माईकवर पुन्हा गाऊन घेतले. पहिला माईक किमतीने दुप्पट होता. तेव्हापासून मी कुणालाही नुसत्या इंग्रजी नमुन्यावरून माईक घेऊ देत नाही.

तुमचा आवाज मी ऐकलेला नाही, म्हणून एवढंच सांगतो. तार सप्तकात आवाज बारीक आणि धारदार होत असेल तर एनटी१-ए टाळा, तो वरून उजळ आहे. नुसता एनटी१ त्यापेक्षा सपाट आणि शांत आहे. एटी२०३५ या दोघांच्या मध्ये कुठेतरी. आवाज मुळात घुमटदार, खालून भरलेला असेल तर थोडा उजळ माईक उलट साथ देईल.

एटी२०३५वरच्या त्या ८० हर्ट्झच्या लो-कटचं बटण तुम्ही बिनधास्त दाबून ठेवा. काळी चारचा मंद्र षड्ज १०४ हर्ट्झवर आहे, त्यामुळे तुमच्या गळ्यातलं काहीच कापलं जात नाही. रस्त्यावरच्या बसची घरघर आणि पायाचा ठेका मात्र जातो. घरात कुणी काळी एकने गाणारे पुरुष असतील तर त्यांनी तो उघडा ठेवावा, त्यांचा मंद्र षड्ज ६९ हर्ट्झवर येतो.

हार्मोनियमबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत ओझरतं लिहिलं आहे, पण मला ती तुमची सर्वांत मोठी अडचण वाटते. एकाच माईकमध्ये गळा आणि पेटी दोन्ही घेतली की पेटी हमखास वरचढ होते. दोन्ही अलग रेकॉर्ड करणं जमत असेल तर उत्तम, आधी पेटी, मग ती हेडफोनवर ऐकत गाणं. पण स्वतःच्या साथीने गाणाऱ्याला हे कृत्रिम वाटतं, आणि मला ते पटतं. अशा वेळी माईकची बहिरी बाजू वापरा. कार्डिऑइड बरोबर पाठीमागे सर्वांत कमी ऐकतो. म्हणून माईक वरून खाली रोखू नका, तसा तो पेटीकडेच बघेल. छातीच्या उंचीवर ठेवून तिरपा वर, हनुवटीकडे रोखा. आता त्याची पाठ पेटीकडे आहे. याचा आणखी एक फायदा असा की स आणि च थोडे मवाळ होतात, कारण त्यांचा झोत तोंडासमोर सरळ जातो, खाली कमी. तोटा असा की माईक छताकडे बघतो, तेव्हा पंखा बंदच हवा. उन्हाळ्यात दोन टेकच्या मध्ये लावा. स्टँड बूमचा घ्या, आडव्या दांडीचा, जमिनीवर बसून गाताना उंचीला जुळेल असा. त्याचा पाय पेटीच्या सतरंजीवर नको, भात्याचा प्रत्येक हिसका त्यातून वर चढतो. बूम पुढे झुकायला लागली तर पायावर दोन किलो तांदळाची पिशवी ठेवा.

तानपुरा मोबाईलच्या स्पीकरवर लावून त्याच खोलीत गाऊ नका. तो माईकमधून गळ्याला चिकटतो आणि नंतर सुटत नाही. बंद पाठीच्या हेडफोनवर ऐका. दोन्ही कान झाकून सूर लागत नाही ही तक्रार अगदी खरी आहे, मीही ती मानतो. एक कान उघडा ठेवा, पण हेडफोनची दुसरी वाटी लोंबकळत न ठेवता कानामागे हाडावर दाबून बसवा, नाहीतर तानपुरा तिथून गळतो. नंतर तीच तानपुऱ्याची फाईल त्याच पट्टीत गाण्याखाली जोडा.

इंटरफेस की यूएसबी माईक? यूएसबीची सोय मला मान्य आहे, एकच वायर आणि काम सुरू. पण उद्या पेटीला दुसरा माईक लावावासा वाटला, तबलजी आले, की तुम्ही अडकता. तुम्हाला पेटी आहे म्हणून मी इंटरफेसच घ्यायला सांगेन, आणि तोही दोन माईक घेणारा. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेतल्या चौथ्या पिढीत सोलोला ५७ डेसिबल गेन मिळतो आणि टूआयटूला ६९. कंडेन्सरला दोन्हींचा गेन पुरतो, पण सोलो एकच माईक घेतो. डायनॅमिक घेणार असाल तर टूआयटूच बघा. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असतं, ते चालू ठेवा. त्याने तुमचा आवाज लॅपटॉपची चक्कर न मारता सरळ कानात येतो, आणि मुरकी उशिरा ऐकू येऊन ताल चुकत नाही. पाचव्या पिढीच्या एनटी१ला एकाच अंगावर एक्सएलआर (इंटरफेसला जोडायची जागा) आणि यूएसबी दोन्ही आहेत. त्याचा भाव खरेदीच्या दिवशी तुमच्या आकड्यात बसत असेल तर आज यूएसबीवर सुरू करून इंटरफेस पुढच्या वर्षी घेण्याचा मार्गही खुला आहे.

रेकॉर्ड करताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आणि तुमची सर्वांत जोरातली तान उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मीटर लाल करण्यात काहीच कमाई नाही. लॅपटॉपची गुणगुण आली तर आधी चार्जर काढून बॅटरीवर बघा, बहुतेक वेळा तिथेच थांबते. चार्जरची किंवा कशाचीही अर्थिंगची पिन मोडू नका, त्या जागी घरातलं अर्थिंग तपासून घ्या.

पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातून सुटणारा हवेचा झोत अडवणारी जाळी, लागेलच. आपल्या भाषेत फ, भ, ख, ध यांची रेलचेल आहे आणि हे सगळे श्वास फेकणारे. विकतचा नको असेल तर भरतकामाच्या लाकडी रिंगवर नायलॉनचा पायमोजा ताणून बसवा, माईकपासून चार बोटं पुढे. मी स्वतः कित्येक वर्षं तसाच वापरला, काम अगदी चोख करतो.

कंडेन्सर घेतलात तर तो स्टँडवर लावून ठेवू नका. पावसाळ्यात कॅप्सूलवर ओल धरली की चुरचुर, फटफट असे आवाज येतात. कोकणातल्या एका कामात पूर्ण दिवस त्यामुळे वाया गेलेला मला आठवतो. काम संपलं की ४८ व्होल्टची फँटम पॉवर (इंटरफेसमधून कंडेन्सरला मिळणारी वीज) बंद करा, मिनिटभर थांबा, मग वायर काढा आणि माईक सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तुम्ही अभंग गाता म्हणून मुद्दाम लिहितो, देवघराजवळ गात असाल तर उदबत्ती आणि धूप माईक डब्यात गेल्यावर लावा. तो धूर पातळ पडद्यावर चिकट थर धरतो आणि माईक हळूहळू मंद होत जातो.

एसएम५८ घेण्याची वेळ आली तर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. बुधवार पेठेत असो, लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, या माईकच्या नकला खोक्यासकट मिळतात. खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, हातात खुळखुळ्यासारखा हलका लागला तर परत करा.

पैशांची वाटणी मी अशी करेन. माईकला दहा-बारा हजार, इंटरफेसला साधारण तेवढेच, उरलेल्यात हेडफोन, स्टँड आणि बरी वायर. ताणाताणी होईल हे खरं. माईक एक पायरी खाली आणावा लागला तर आणा, पण स्टँड आणि हेडफोन फुटकळ घेऊ नका. आणि हजार-दीड हजारात मोठ्या सोनेरी जाळीचा ‘स्टुडिओ कंडेन्सर’ मिळतो त्यात गुंतू नका, त्या मोठ्या डब्यात बहुधा नखाएवढं कॅप्सूल असतं.

दुकानात जाताना स्वतःचे हेडफोन न्या. दोन-तीन माईक एकाच अंतरावर, वीतभर, लावायला सांगा आणि प्रत्येकावर तेच म्हणा: मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत सावकाश आलाप, एक जलद तान, आणि हे वाक्य साध्या आवाजात: ‘भर पावसात फुलं झाकून ठेव, चार चांदण्या मोजत सांजेची चाहूल ऐक.’ त्यात फ, भ, झ, च, स सगळे आले. नंतर तिन्ही रेकॉर्डिंगची पातळी सारखी करून घ्या. जे थोडं मोठं वाजतं ते कानाला नेहमी चांगलं वाटतं, आणि याच फसवणुकीने निम्मी खरेदी होते. फाईली घरी आणा, दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानाने ऐका, मग पैसे द्या.

पण त्याआधी, या रविवारी, मोबाईलवरच एक चाचणी करा. गोधड्या टांगा, मध्यापासून हातभर सरकून बसा, पंखा बंद. मोबाईल छातीच्या उंचीवर, तोंडापासून वीतभर लांब ठेवून एक अंतरा पेटीसह गा आणि शेवटी वीस सेकंद गप्प बसा. ही फाईल हेडफोनवर ऐका. गाण्यामागे खोली आणि रस्ता सहन होण्याइतके खाली असतील, तर एटी२०३५ किंवा एनटी१, ज्यावर तुमचा च मऊ येईल तो. त्या वीस सेकंदांत रिक्षा आणि हॉर्न शब्दाइतकेच ठळक ऐकू आले, आणि पहाटेची वेळ तुम्हाला जमणार नसेल, तर एसएम५८, चार बोटांवर, टूआयटूबरोबर. तसं झालं तर पेटी आधी वेगळी रेकॉर्ड करा, आणि गाताना मान कमीत कमी हलेल यासाठी समोर डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर एक टिकली लावून तिच्याकडे बघत गा.